काचेआडचं चित्र

गुन्वोर ओस्लोच्या एका संग्रहालयात एकोणीस वर्षं पहाऱ्यावर होती. एका रविवारी भरदुपारी दोन बुरखेधारी आत शिरले. त्यांनी तिच्या कपाळाला पिस्तूल लावून तिला पालथं पाडलं आणि जगप्रसिद्ध चित्र भिंतीवरून उपटून नेलं. कुणा पर्यटकाने काढलेला तिचा पालथी पडलेला फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत झळकला. पुढे टीव्हीवर एक नट तिच्यासारखी वर्दी घालून घोरला आणि दुकानांत ‘झोपाळू राखणदार’ छापलेले कप आले. गुन्वोरने नोकरी सोडली.

दोन वर्षांनी चित्र सापडलं. ते पुन्हा संग्रहालयात लावण्याच्या समारंभाचं बोलावणं आलं, तेव्हा धाकट्या बहिणीने, ओसेने, तिला बळेच नेलं. “चार माणसांत आलीस तर बरं वाटेल गं.”

चित्र आता जाड काचेआड होतं. त्याच्या कोपऱ्याला ओल लागली होती आणि तिघा तज्ज्ञांनी आठ महिने खपून तो दुरुस्त केला, असं संचालक कौतुकाने सांगत होते. तेवढ्यात कुणीतरी शँपेनचं बूच उडवलं.

गुन्वोर धाडकन जमिनीवर पालथी झाली, डोक्यावर दोन्ही हात घेऊन.

“बाई मोठ्या गमत्या आहेत,” एक पत्रकार हसत म्हणाला आणि कॅमेरे वळले.

ओसेने आपला कोट काढून तिच्यावर पांघरला आणि ती कॅमेऱ्यांना आडवी उभी राहिली.

“गेले का गं ते?” गुन्वोरने खालून विचारलं.

“गेले, ताई,” ओसे म्हणाली. कॅमेरे अजून चालूच होते.