भोंग्याच्या गळ्यातली वेणी

रमाबाईनं पातेलं पालथं करून दाखवलं. म्हणाली, बघ डोळ्यानं, भाताचं एक शीत निघालं तर माझं नाव बदल. खाणावळीत चाळीस गडी जेवायचे, आता सहा उरलेत, त्यांनाच मी अर्ध्या पोटी उठवते. तुझ्या मावशीच्या कुत्र्यांना काय घालू, माझी हाडं?

मी रिकामी बादली घेऊन माघारी फिरलो.

हे छप्पन सालच्या जानेवारीतलं. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून गिरण्या बंद, रस्त्यावर दगड, गोळीबार, वरनं कर्फ्यू. लालबागेत आमच्या चाळीमागं घोड्यांचा एक जुना तबेला होता. मालक घोडे विकून माझगावला गेला, तबेला तसाच राहिला. तिथं शेवंतीमावशी टाकून दिलेली कुत्री-मांजरं सांभाळायची. मूळची मालवणकडची, गिरणीत वायंडिंग खात्यात सूत गुंडाळायच्या कामावर, मागंपुढं कोणी नाही. मी साताऱ्याकडचा, बदली कामगार. काम नसलं की तिच्या हाताखाली. आणि बदलीवाल्याला काम नसायचंच.

टाकायचं कोण? आमचेच लोक. गावाला निघाला माणूस की खोलीतलं मांजर पिशवीत घालून आणायचा, आठ दिवसांत येतो मावशे म्हणायचा. या बंदात तर निम्मी चाळ बोटीनं कोकणात पळाली. बारा कुत्र्यांची अठरा झाली, मांजरं मोजायचं आम्ही सोडून दिलं. तबेल्याची जमीन जुन्या लिदीनं काळी, थंडीच्या दवानं चिकट झालेली. त्या चिखलात जनावरं एकमेकांना चिकटून पडायची, बरगड्या लांबनं मोजून घ्याव्यात अशा. मांजराची दोन पिल्लं मेली, ती मी भिंतीकडेला पुरली. मावशी काठी घेऊन दिवसभर त्या मातीपाशी बसून राहिली. का बसली ते मला उशिरा कळलं. भुकेली कुत्री ती माती हुंगत तिथनं हलत नव्हती.

सगळ्यात म्हातारा भोंग्या. दोन्ही डोळे गेलेले. गिरणीचा भोंगा झाला की मान वर करून त्याच्या सुरात सूर लावायचा, म्हणून हे नाव. भोंगा बंद पडल्यापासनं तोही गप्प होता. पाळीच्या वेळेला नुसता उठून उभा राहायचा आणि परत बसायचा.

आता वेण्यांचं सांगतो. कुत्री धरून मारायला नेणारी म्युनिसिपालटीची गाडी यायची. तिचा शिरस्ता असा, गळ्यात पट्टा असला तर ते मालकाचं कुत्रं, त्याला हात लावायचा नाही. चामड्याचा पट्टा आम्ही कुठनं आणणार? मावशी खात्यातलं वाया गेलेलं सूत आणायची, त्याच्या पांढऱ्या वेण्या घालायची आणि एकेकाच्या गळ्यात बांधायची. गाडीवरचा दौलत माझ्याच गावाकडचा. वेणी दिसली की तो पुढं निघून जायचा.

गिरणी बंद म्हणजे सूतही बंद. नवीन सहा कुत्री उघड्या गळ्याची. तिथं मी अक्कल पाजळली. मोर्च्यातली काळी निशाणं माझ्या खोलीत पडून होती. ती फाडली आणि सहा गळ्यांत सहा काळ्या पट्ट्या बांधल्या. चाळ हसून हसून लोळली. कोणी म्हणालं, बघा, कुत्रीपण मुंबईसाठी उठली. मला लई भारी वाटलं. लपवत नाही, मी त्या सहा जणांना मुद्दाम नाक्यापर्यंत फिरवून आणलं. नाक्यावर फौजदार उभा होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी दौलत गाडी न घेता, चालतच आला.

"रघ्या, काय करून ठिवलंस रं? फौजदार पेटलाय. काळ्या पट्टीचं कुत्रं ठेवू नका म्हनतो. चारला गाडी घिऊन येतूय मी. तवर बघ काय जमतंय."

मावशी शिव्या घालील असं वाटलं. तिनं नुसती कात्री घेतली, सहाही पट्ट्या कापल्या. पण गळा उघडा पडला की कुत्रं गाडीचंच. मी सुतळी आणली, तर मावशीनं मान हलवली. सुतळी काय, कोणीही कुणालाही बांधतं. गाडीवाल्यांना ओळखीची ती पांढरी वेणी.

मग ती चाळीच्या चौकात जाऊन उभी राहिली.

"बायांनो, परकराच्यो नाड्यो काढा नि खाली टाका."

वरच्या गॅलऱ्यांतनं बाया वाकून बघायला लागल्या. मग दुसऱ्या मजल्यावरनं चंपानं पहिली नाडी टाकली. तिच्यामागं टपाटप पडायला लागल्या. शेवटी रमाबाई आली, एका हातानं निऱ्या धरून. म्हणाली, भात नाही गं माझ्याकडं, ही घे. मावशी आणि मी जमिनीवर बसून वेण्या घालायला लागलो.  चारच्या आत सहा गळे पांढरे झाले.

दौलतनं आत येऊन सगळीकडं नजर फिरवली. त्याला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तो डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसला. हळूच म्हणाला की पोलिसांची जीप नाक्यावरच उभी हाय. रिकामी गाडी दिसली तर फौजदार स्वतः आत येईल, आणि मग वेणी बघणार नाही, मांजरंसुद्धा उचलायला लावील.

"काळ्या पट्टीचं येक तरी दाखवाया पायजे, मावशे."

मावशी उभी होती ती खाली बसली.  मग गुडघ्यावर रांगत भोंग्यापाशी गेली. त्याच्या गळ्यातली जुनी वेणी सोडली. त्यात त्याचे पांढरे केस अडकलेले.

"आंधळो आसा तो," ती म्हणाली. "खंय नेतत ता तेका दिसूचा नाय."

कापलेली काळी पट्टी तिनं माझ्यापुढं धरली.

"तू बांध. ह्या काम तुझा."

मी बांधली. भोंग्यानं माझा हात चाटला, खायला आणलंय असं समजून. दौलतनं कुत्री धरायचा चिमटा वापरला नाही. लेकरासारखं उचलून नेलं.

पुढच्या आठवड्यात गिरण्या चालू झाल्या. सकाळी भोंगा वाजला. तबेल्यात मावशी पेजेचं भांडं घासत होती, तिचा हात थांबला. भोंगा पुरता संपला. अठराच्या जागी सतरा कुत्री, कुणीच तोंड उघडलं नाही. दारात कोणीतरी रात्रीतनं आणखी एक पिल्लू सोडून गेलं होतं. मावशीनं खिळ्याला टांगलेली भोंग्याची वेणी काढली. केस तसेच होते त्यात. ती पिल्लाच्या गळ्यात दोन वेढे घालून बांधली.

मग पदरानं तोंड पुसून मला म्हणाली, "बादली घे रे झिला. रमाबाईकडे आज माणसां जेवतली."