वाघळांना लाल बत्ती

आशागडच्या एकनाथभाऊंना वटवाघळांनी जीव नकोसा केला होता. पिकायला आलेला चिकू रोज कुरतडलेला. भाऊंचा जन्म गेला रेल्वेत गार्ड म्हणून, तेव्हा उपायही रेल्वेचाच. दिवेलागण झाली की जुनी हातबत्ती घेऊन ते वाडीत उभे राहत आणि वाघळांना लाल दिवा दाखवत.

२०१४च्या हिवाळ्यात त्यांच्या मागच्या खोलीत स्टेन नावाचा म्हातारा स्वीडिश गवई भाड्याने आला. गिटार घेऊन गावोगाव स्वतःची गाणी म्हणायची, हाच त्याचा धंदा. स्वीडनमधल्या आपल्या गावातल्या पोस्टमनपासून दाईपर्यंत त्याने गाण्यात फारसं कुणाला सोडलं नव्हतं. भाऊंनाच कसा सोडेल? मोडक्यातोडक्या मराठीत त्याने गाणं जुळवलं: एकनाथभाऊ सिग्नल देतात, वाघळं विदाउट तिकीट जातात!

भाऊंच्या बायकोने, मनोरमाबाईंनी, हसून पदर तोंडात कोंबला. गाणं डहाणूच्या बाजारात गेलं, तिथून तलासरीच्या वऱ्हाडांत. भाऊंनी अबोला धरला.

"भाऊ, रागावलात?"

"गावभर हसं केलंस, वर विचारतोस?"

"आमच्याकडे ज्याच्यावर गाणं नाही तो रुसतो," स्टेन म्हणाला. "बेकरीवाली अजून बोलत नाही माझ्याशी."

भाऊंना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं.

स्टेन दर हिवाळ्यात येत राहिला. २०१८ला त्याच्याऐवजी तो गेल्याचा फोन आला. "सुटलो बाबा," भाऊ म्हणाले आणि ताटावरून उठले.

पुढे त्याच्या मुलीने व्हिडिओ पाठवला. तिकडच्या बंदरावर त्याचा सगळा गाव जमून स्टेनची गाणी म्हणत होता, त्यात हेही.

"अहो, फॉरेनला पोचलात!" मनोरमाबाई म्हणाल्या.

"एकनात काय, एकनाथ म्हणा म्हणावं," भाऊ गुरगुरले. "परत लाव जरा."

२०१९ला पुतणी मुक्ताच्या हळदीत बायकांनी ते गाणं धरलं. एरवी भाऊ मंडपातून उठून जात. या वेळी हात वर करून म्हणाले, "थांबा. एक कडवं राहिलंय."

आणि बेसूर आवाजात त्यांनी सुरू केलं:

"स्टेनभाऊ पाहुणा आला, चहा दिला बशीत,
बोंबलाला बिस्कीट समजून बुडवलं की खुशीत!"

मंडप हसून लोटपोट झाला.

"काका, खरंच?" मुक्ताने विचारलं.

"तुझी शपथ. वर म्हणतो कसा, 'बिस्कीट छान, जरा खारट आहे.'" भाऊ हसत होते आणि उपरण्याने डोळे पुसत होते.