जाडा बाण

हॉलमध्ये पाय ठेवल्याबरोबर बाणकाकांना पहिला प्रश्न पडला तो हा, की तोंडातलं पान इथे थुंकायचं कुठे? कोपऱ्यात एक बादली दिसली. आशेने जवळ गेले, तर तिच्याखालीही छापील चिठ्ठी. बादलीसुद्धा कलाकृतीच निघाली.

"गिळा मुकाट्याने," काकू पुटपुटल्या. "आणि त्या कपाळावरच्या आठ्या उतरवा. लोकांना वाटेल, त्याही मांडायलाच आणल्यात."

आता बाणकाका म्हणजे कोण, तर महामार्ग खात्यातले पाट्या रंगवणारे. चौतीस वर्षं त्यांनी हाताने पाट्या रंगवल्या. वळणं, चढउतार, अरुंद पूल, शाळा, आणि बाण तर इतके, की ते सगळे एकापुढे एक ठेवले असते तर पृथ्वीला चक्कर आली असती. एकदा म्हणे शेळ्यांचा कळप त्यांचा नवा बाण बघून शिस्तीत डावीकडे वळला आणि राखणदार आपल्या तंद्रीत सरळ गेला. दोन दिवस बिचारा शोधत होता. शेळ्यांना कोणी विचारलं नाही, पण राखणदार खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

काकांची एक परीक्षा असे. पाटी रंगवून खांबावर चढली, की ते शंभर पावलं मागे जायचे आणि सायकलवर बसून न थांबता तिच्यापुढून निघून जायचे. जाता जाता कळली तर पास. मान वळवावी लागली तर नापास. उतरवा, खरवडा, पुन्हा रंगवा. पाटीपुढे माणूस उभा राहिला की समजावं पाटी चुकली, असं त्यांचं शास्त्र होतं.

आणि इथे तर जो तो उभाच होता. भंगारातल्या गंजक्या पाट्या घासूनपुसून भिंतीला लावल्या होत्या आणि माणसं त्यांच्यापुढे माना तिरक्या करून, जणू मयताला आल्यासारखी, हळू आवाजात बोलत होती. 'पुढे गतिरोधक आहे' या पाटीपुढे एक बाई डोळे टिपत होत्या. 'थांबा'पुढे एक गृहस्थ दहा मिनिटं थांबले होते; ते एक निदान आज्ञाधारक म्हणायचे. सगळीकडे अत्तराचा असा घमघमाट, की काकांना टर्पेंटाइनची आठवण येऊन भडभडून आलं.

"काका! आलात!" डोक्यावर काळा चष्मा चढवलेला कलावंत धावत आला आणि त्यांना मिठीच मारली. काका घरी त्याला गॉगल म्हणत. "तुमच्याशिवाय हे शक्य नव्हतं. तीन महिने हायवेवर फिरलो मी. प्रवास हाच माझा कॅनव्हास!"

"पंक्चर किती झाली?" काकांनी विचारलं.

"अं? ते... ड्रायव्हर बघत होता."

"मग तो फिरला. तू बसला होतास."

काकूंनी कोपर मारलं. गॉगल हसत हसत दुसऱ्या पाहुण्यांकडे गेला. काकांनी अंगाला लागलेलं अत्तर रुमालाने पुसलं, वळले, आणि जागच्या जागी थिजले.

समोरच्या भिंतीवर, खास दिव्याखाली, ती होती. पिवळी पाटी, काळा बाण, डावीकडे काटकोनात वळलेला. खाली चिठ्ठी: 'अनिश्चिततेचं व्याकरण'. आणि कोपऱ्यात एक लाल गोल टिकली, म्हणजे कोणीतरी घरी न्यायला ठरवून टाकलेली. पाटीला गोवर आल्यासारखी ती टिकली दिसत होती.

"अगं," काका म्हणाले, "ही तळ्यावरची."

"कशावरून? सगळ्या सारख्याच दिसतात मेल्या."

"बाण बघ. जाडा आहे."

नियमाच्या पुस्तकात बाणाची जाडी ठरलेली असते. पण तळ्यावरच्या वळणावर संध्याकाळी पाचच्या सुमाराला धुकं चढतं, आणि त्या धुक्यात पुस्तकातला बाण काडीइतकासुद्धा दिसत नाही. पूर्वी वर्षाला चार-चार गाड्या तिथून खाली जायच्या. काकांनी एक दिवस कोणाला न विचारता बाण चांगला दोन बोटं जाडा केला. खात्याने त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. तिला काकांनी उत्तर दिलं नाही, वळणाने दिलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. एक गाडी गेली नाही.

खात्री करायला काकांनी पाटीची खालची मोकळी कड भिंतीपासून जराशी पुढे ओढली. मागे त्यांच्याच हातचा लाल आकडा आणि पाटी लावल्याची तारीख.

"हात नका लावू, प्लीज!" गॉगल धावत आला.

"ही भंगारातली नाही. कुठून आणलीस?"

"काका, तुम्हीच तर सांगितलंत! तुमच्या ओट्यावर बसून. 'खरी पाटी बघायची असेल तर तळ्यावरची बघ, तसा बाण जगात नाही.' मी वेडाच झालो बघून."

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथून घशात उतरली. खरंच ते बोलले होते. निवृत्तीनंतर दोन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी कामाबद्दल विचारलं होतं, चहाचे तीन कप होईपर्यंत ऐकलं होतं. म्हातारा फुगला आणि बोलून बसला. हात दाखवून अवलक्षण! हॉलमधल्या सगळ्या गोष्टींची किळस एकीकडे आणि स्वतःची एकीकडे घातली असती, तर पारडं स्वतःच्या बाजूने जमिनीला टेकलं असतं.

"बघ म्हणालो होतो. काढ म्हणालो नव्हतो. आता तिथे काय आहे?"

"रिकामं नाही ठेवलं, काका. तिथे मी आरसा लावलाय!" गॉगलचा चेहरा उजळला. "ह्याच आकाराचा. वळणावर प्रवाशाने क्षणभर स्वतःला पाहावं. तिथली ती कलाकृती आणि इथली ही, जोडी आहे."

काकांनी डोळे मिटले. त्यांना ते वळण दिसलं. येणाऱ्या गाडीच्या तोंडासमोर आरसा. त्यात काय दिसणार? मागचा रस्ता. सरळसोट, मोकळा, अगदी पुढे पसरल्यासारखा.

"कधी लावलास?"

"काल. साहेबांची परवानगी आहे."

साहेब म्हणजे खात्याचे, आजचे प्रमुख पाहुणे, हातात सरबताचा पेला घेऊन शेजारीच उभे होते. काकांनी त्यांना आरशातला रस्ता समजावून सांगितला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांची हयात गेली होती.

"सौंदर्यीकरणात मंजूर झालंय ते," साहेब म्हणाले. "तरी तुमचं म्हणणं असेल तर सोमवारी अर्ज द्या. बघू."

"आज शनिवार आहे."

"म्हणूनच सोमवारी म्हणतोय."

भिंतीवर एक घड्याळ होतं. तेही कलाकृती असेल म्हणून काकांनी काकूंचं मनगट धरून वेळ पाहिली. पावणेचार. मग त्यांनी खिशातून चावी-पाना काढला (प्रदर्शनाला कोणी पाना घेऊन जातं का, असं काकूंनी निघताना विचारलं होतं) आणि पहिला बोल्ट पिळला.

"काका! विकली गेलीये ती!"

"घेणाऱ्याला सांग, तळ्यावर येऊन बघ. फुकट आहे."

काकांना वाटलं, आता काकू चारचौघांत त्यांची शोभा करणार. पण काकूंनी पर्स खांद्यावर अडकवली आणि पाटीला खालून हात दिला.

"सोडा बोल्ट. मी धरलीये. आणि पाय सांभाळा, पडलात तर तुम्हालाही भिंतीला लावतील."

साहेब सरबत संपवण्यात गुंतले. पाटी खाली आली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. डोळे टिपणाऱ्या बाईंनी तर "किती खरं!" असं म्हणून पुन्हा डोळे टिपले. टाळ्यांमुळे गॉगलची पंचाईत झाली. रागवावं की वाकून अभिवादन करावं हे ठरेना, तेव्हा त्याने वाकून अभिवादन केलं. दोघं दाराबाहेर पडले.

भाजीच्या परतणाऱ्या टेम्पोने त्यांना घेतलं. पाटी दोघांच्या मांडीवर आडवी. तळ्यावर उतरले तेव्हा धुकं निम्म्या उतारापर्यंत चढून आलं होतं, आणि खांबावर आरसा होता. काकांनी समोर जाऊन पाहिलं. जसा डोळे मिटून पाहिला होता तसाच सरळसोट रस्ता, आणि त्या रस्त्याच्या मधोमध एक पांढऱ्या डोक्याचा म्हातारा, तोंड कडू करून उभा.

"घ्या, झालं त्याच्या मनासारखं. स्वतःला पाहिलंत," काकू म्हणाल्या.

काकांनी पाना लावला. पण बोल्ट नव्हतेच. आरसा चौकटीसकट खांबाला वेल्डिंग करून टाकला होता. फोडला असता तर काचा रस्त्यावर. काकूंनी अंगावरची शाल काढली, आरशावर टाकली आणि तिची गाठ मागे खांबाला आवळली.

"वेल्डिंगवाल्याला फोन केला," त्या म्हणाल्या. "तो सकाळी येतो म्हणतो. धुकं कधी उतरतं?"

"आठपर्यंत. मग दिव्यात कठडा दिसतो."

"म्हणजे तीन तास."

काकांनी खांबाला पाठ टेकली आणि पाटी दोन्ही हातांनी छातीशी, बरोबर नेमून दिलेल्या उंचीवर धरली. उंची मोजायला त्यांना टेप लागत नसे.

पहिला ट्रक आला. धुक्यातून दोन दिवे सरळ त्यांच्या अंगावर येत राहिले, येत राहिले, आणि मग संथपणे डावीकडे वळले. मागून एक बस वळली. मग दुधाची गाडी. मग मोटारसायकलवरचं एक जोडपं, भांडत भांडत, पण वळलं. पाटी काकांच्या हातातून झुकायला लागली तेव्हा काकूंनी शेजारी उभं राहून पाटीची एक कड धरली.

तासाभराने गॉगलची गाडी आली. डोक्यावरचा चष्मा काचेतून स्पष्ट दिसला. तो फोनवर हातवारे करत काहीतरी तावातावाने बोलत होता, बहुतेक चोरीचंच. त्याच्या ड्रायव्हरने वेग कमी केला, बाणाच्या रेषेत गाडी वळवली आणि गाडी धुक्यात दिसेनाशी झाली. कोणी मान वळवली नाही.

"ओळखलं का हो त्याने?" काकूंनी विचारलं.

"वळला ना?"

काकूंनी मोकळ्या हाताच्या नखाने कोपऱ्यातली लाल टिकली खरवडून काढली आणि बोटाला चिकटलेली ती शालीला पुसली. खालून आणखी दोन दिवे चढत येत होते. काकांनी पाटी जराशी वर उचलली.