पाटीवरचा चौथा

शाळेच्या फाटकाजवळ एक पाटी आहे. अक्षरं सरकवून बसवायची. ते काम माझं. गळका नळ, तुटकी बाकं, बर्फ पडला की वाट मोकळी करणं, तेही माझंच.

दर वर्षी मे महिना जवळ आला की पाटीवर आकडा चढतो. देशभरातल्या परीक्षेत मेरिटची स्कॉलरशिप मिळवलेली आमची किती पोरं नामांकित युनिव्हर्सिटीत चालली, तो. हायवेपलीकडच्या शाळेचीही तशीच पाटी. त्यांचे चार झाले होते. आमचे तीन, आणि चौथी माझी पोरगी टेसा, गेली तर.

गेली तर म्हणतो, कारण आमच्या ओक्लाहोमाच्या युनिव्हर्सिटीनं तिला राहणं-खाणं-फी सगळं देऊ केलं होतं. घरापासून तासाभरावर. अशी मेरिटवाली पोरं तिथं ढिगानं जातात. पण ती पाटीवर धरत नाहीत.

"मर्ल, पोरीला समजाव रे," हॅगर्टी, आमचे प्रिन्सिपॉल, रोज कँटीनमध्ये गाठून म्हणायचे. "पूर्वेकडची ती युनिव्हर्सिटी स्वतः बोलावतेय."

"ती मोठी आहे, साहेब. तिचं ती बघेल."

कँटीनवाली ओडेला तिथंच बटाटे सोलत असायची. "साहेबांना पोरगी नकोय, आकडा हवाय," ती म्हणायची. हॅगर्टी हसून निघून जायचे.

वेरा, माझी बायको, फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून जेवलो काय, न जेवलो काय, सारखंच. लोक यायचे, खांद्यावर हात ठेवायचे. कोटावर ठेवल्यासारखा लागायचा.

एक मे. त्या दिवशी वरच्या वर्गातली पोरं जिथं जायचं ठरलं तिथला टी-शर्ट घालून शाळेत येतात. मी अंडी तळत होतो. टेसा लाल शर्ट घालून आली. आपल्या ओक्लाहोमाचा.

"तिकडे थंडी फार असते म्हणे, बाबा."

"असते."

"आणि तुमच्या डब्याचं कोण बघणार?"

मी पोरीकडे बघितलं. आईसारखीच, खोटं बोलताना कानाची पाळी ओढते.

"काढ तो," मी म्हणालो.

"का?"

"मला थंडीचं सांगू नकोस. मला अंडी तळता येतात."

तिनं तव्यात डोकावलं. "जळलीत की."

"मला चालतात."

मग ती आत गेली आणि तिकडचा निळा घालून आली. डोळे धुतले होते. मी तिला निम्मी अंडी वाढली. तिनं काळी बाजूही खाल्ली.

शाळेत शिडी लावून तीन काढला, चार बसवला. पोरं खालून टाळ्या वाजवत होती. बरं वाटेल म्हणून थोडा थांबलो. नाही वाटलं. उतरलो.

दुपारी हॅगर्टी हातात फोन घेऊन आले. "घात झाला, मर्ल. पलीकडच्यांनी पाच केले. कुठली तरी पोरगी आयत्या वेळी हो म्हणाली."

"असं होय."

"तुझ्या घरी आणखी एखादं पोर आहे का रे लपवलेलं?" ते हसले.

"नाही साहेब," मी म्हणालो. "आता मी एकटाच."

त्यांचं हसू तसंच तोंडावर राहिलं. मी शिडी उचलली आणि आत ठेवायला गेलो.