दोन शेळ्यांचा कर्णा

हॅलो... हॅलो... मागच्या पंगतीपर्यंत आवाज पोचतोय ना? मी देवळालीच्या साळव्यांचा कर्णा बोलतोय. लग्नाच्या मांडवात लिंबाच्या फांदीला तारेनं आवळलेला असतो ना, करड्या रंगाचा, काठाला पोचा पडलेला, तोच मी. काही लोक मला भोंगा म्हणतात, त्याचा मला राग नाही. हळू बोलणं मात्र मला जमत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म म्हणे दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. मला आठवतं ते नगरच्या एका दुकानाचं छत. तिथे मी कितीतरी दिवस उलटा टांगलेला होतो आणि माझ्या पोटात एका पालीचा संसार चालला होता. मग एक दिवस बाबाजान आले. देवळालीत रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी मला खाली उतरवलं, टिचकी मारून कान लावला आणि बरोबरच्या उंच, किडकिडीत माणसाला म्हणाले, "सोपानराव, ह्याचा गळा चांगला हाय. घिऊन टाका."

सोपान साळवे साखर कारखान्यात हंगामी कामगार. उसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर उभं राहून गाडीवानांच्या नावानं ओरडायचं, हे त्याचं काम. एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला की गाळप बंद, पगार निम्मा. मग दिवाळीपर्यंत तो घरात बसून पंख्याला शिव्या घालायचा.

त्या वर्षांत ज्याला त्याला जोडधंद्याचं वेड लागलं होतं. पोस्टमन कोंबड्या पाळत होता, शाळेतले गुरुजी विम्याच्या पॉलिस्या विकत होते आणि एसटीच्या एका कंडक्टरनं भावाच्या नावावर रसवंती टाकली होती. सोपानला एकच गोष्ट येत होती, ओरडणं. आणि लग्नसराई नेमकी त्याच्या रिकाम्या महिन्यांत यायची. बाबाजानांनी तारा जोडायच्या, यानं बोलायचं, असं दोघांचं ठरलं.

भांडवल घातलं भारतीनं, म्हणजे सोपानच्या बायकोनं. तिनं स्वतः वाढवलेल्या दोन शेळ्या राहुरीच्या बाजारात नेऊन विकल्या आणि मी घरात आलो. मग पेंटरनं माझ्या तोंडावर लाल अक्षरांत लिहिलं, 'सोपान साऊंड सर्व्हिस'. लिहिताना रंगाचा डबा भारतीनं धरला होता.

मी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत गाजलो, कुस्त्यांच्या फडात गाजलो, पण माझं खरं सुख म्हणजे लग्नातला आहेर. कुणी काय दिलं ते माईकवरून पुकारायची आपल्याकडे रीतच आहे. माणसं तशी गमतीची. जेवताना कुणी हाक मारली तर ऐकू येत नाही, पण आहेरात स्वतःचं नाव आलं की तोंडातला घास तोंडातच राहतो.

नावं मात्र सगळी बाप्यांची. हंडा बाईनं निवडलेला, पोचा दिसला म्हणून भांडून बदलून आणलेला, पैसे तिच्या अंड्यांचे नाहीतर पापडांचे. पुकारायचं नवऱ्याचं नाव. बऱ्याच नवऱ्यांना तर आपण काय दिलं ते माझ्याकडूनच कळायचं. मला त्याचं फार हसू यायचं, पण कर्ण्याला हसायची सोय नाही.

भारतीचं एक गुपित मला ठाऊक होतं. दुपारी घरात कुणी नसलं की ती मला ओल्या फडक्यानं पुसायची, बंद माईक हातात धरायची आणि गळा साफ करून म्हणायची, "भारती सोपान साळवे यांच्याकडून..." पुढे काय द्यायचं ते तिला सुचत नसे. मग हसून माईक फळीवर ठेवायची. माईक बंद, त्यामुळे मी मुका. पण हा आवाज एकदा तरी माझ्या गळ्यातून जावा असं मला मनापासून वाटायचं.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात आबासाहेब वाळुंजांच्या पुतणीचं लग्न आलं. आबासाहेब म्हणजे बडे बागायतदार. त्यांच्या मांडवात नाव झालं असतं तर उरलेल्या लग्नसराईतली सगळी कामं आमच्या दारात आली असती. बिघडलं असतं तर सोपान परत पंख्याखाली. आणि या पठ्ठ्यानं आदल्या दिवशीच्या लग्नात बर्फाचं सरबत इतकं ढोसलं की सकाळी त्याच्या घशातून फक्त वारा निघायला लागला.

"आता कसं?" बाबाजान म्हणाले. "मला तारांचं कळतंय, आहेराचं न्हाई."

"मी बोलते," भारती म्हणाली.

सोपाननं आधी नको म्हणून मान हलवली, मग दुसरा इलाज नाही म्हणून होकारार्थी हलवली. आहेर पुकारणारी बाई त्या भागात कुणी पाहिली नव्हती.

अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि भारतीनं माईक हातात घेतला. पहिलं वाक्य थरथरलं. दुसऱ्या वाक्याला मी असा खणखणलो की बैलांनी माना वर केल्या. काय गळा होता तिचा, सांगतो तुम्हाला. मी आनंदानं फांदीवरून पडायचाच राहिलो.

माईकवर बाई दिसली तशा बायका धीर करून पुढे यायला लागल्या. एकीनं तिच्या कानात आपलं नाव सांगितलं, मग दुसरीनं. भारतीनं जिचं तिचं नाव जसंच्या तसं पुकारलं. शेवटी खुद्द आबासाहेबांच्या घरच्या, गीताबाई आल्या आणि कानाशी कुजबुजून गेल्या.

"नवरीला लोखंडी कपाट," मी गर्जलो, "गीताबाई आबासाहेब वाळुंज यांच्याकडून."

वाढपी बुंदीचं पातेलं धरून जागीच उभा राहिला. आबासाहेब फेटा सावरत माईकपाशी आले. सोपानचं तोंड पांढरंफटक पडलं.

"कपाटाला हे नाव कुणी सांगितलं?"

"काकूंनी," भारती म्हणाली. तिनं माईक सोडला नाही. त्यामुळे हे सगळं मी गावजेवणाला ऐकवत होतो.

बायकांच्या घोळक्यातून गीताबाईंचा आवाज आला. "मीच सांगितलं. माज्या म्हशींच्या दुधाचं कपाट हाय ते. वरीसभर धारा मी काढल्या. तुमी तर आजून ते उघडून बी बघितलं न्हाई."

आबासाहेबांनी बायकोकडे पाहिलं, मग वर माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मला उतरवणार.

"बाबाजान," ते म्हणाले, "ह्या कर्ण्याचं तोंड मांडवाकडं हाय. ते गावाकडं फिरवा. आन पोरी, तू परत सांग. गावाला बी कळू दे, वाळुंजांच्या घरात कमावणारी दोन मानसं हायेत."

बाबाजान सरसर झाडावर चढले आणि त्यांनी मला फिरवलं. मी पार देवळालीच्या वेशीपर्यंत ओरडलो. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आबासाहेब सगळ्यांत मोठ्यानं.

शेवटी माईकवाल्याचं नाव सांगायची रीत असते. "ध्वनिव्यवस्था," भारती म्हणाली आणि अडखळली, कारण माझ्या तोंडावर काय लिहिलंय ते तिला ठाऊक होतं. तेवढ्यात सोपान पुढे झुकला आणि बसलेल्या घशानं खरखरला, "थांबली का? शेळ्या कुनाच्या व्हत्या?"

तेही गावानं ऐकलं. आणि मग ऐकलं, "भारती साऊंड सर्व्हिस, देवळाली प्रवरा."

आता गाण्यांसाठी मोठाले बॉक्स आलेत. ते छाती बडवतात, मी काही बोलत नाही. पण आहेर अजून माझ्याच तोंडून होतो. माझ्यावरची लाल अक्षरं बदलली आहेत, या खेपेला डबा सोपाननं धरला होता. तुमच्या घरी कार्य निघालं तर बोलवा. फक्त आहेर देताना तो कुणाच्या कमाईचा आहे ते भारतीच्या कानात खरं खरं सांगा. गावाकडे तोंड करून ओरडायचं काम माझं.