पेंढा शिजवणारं भांडं

मित्रांनो, कर्जतच्या एका महाविद्यालयात, प्रयोगशाळेच्या खिडकीखाली उभा असलेला जुना ऑटोक्लेव्ह म्हणजे मी. नाव अवघड वाटले, तर मला पोलादी पिंपाएवढा प्रेशर कुकर समजा. काचेची भांडी वाफेने निर्जंतुक करणे हे माझे काम. नवा होतो तेव्हा मुले माझ्या दाबाच्या काट्याकडे डोळे लावून बसत. पुढे बटणांचे यंत्र आले आणि माझ्यावर रिकामी खोकी रचली गेली. झाकणाची रबरी रिंग सुकून तडकली.

मला पुन्हा कामाला लावले इथे शिकणाऱ्या नम्रताने. तिचे वडील नामा खालापूरजवळ भात पिकवतात. एके दिवशी विज्ञान प्रदर्शनातल्या तिच्या प्रयोगासाठी ते स्वतःच पेंढा घेऊन आले.

"गुरांच्या तोंडचा घास हाय हा. यातनं काय काढनार गं तू?"

"लिग्निन, बाबा. रोपाला ताठ उभं ठेवतं ना, ते. त्याचा गोंद करता येतो."

"निघालं की मला दाव."

नेरळहून नवी रिंग आली. नम्रता आणि तिची मैत्रीण प्रिया यांनी पेंढा दळला, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवला आणि त्या बाटल्या माझ्या पोटात ठेवल्या. कितीतरी वर्षांनी माझ्यात वाफ कोंडली. बाटल्या बाहेर निघाल्या, तेव्हा पाणी कोऱ्या चहाहून काळे झाले होते. मुलींनी ते गाळून त्यात थेंबथेंब आम्ल सोडले. तपकिरी साका तळाशी बसला. धुऊन वाळवल्यावर पुडीने छोटी वाटी भरली.

नम्रताने तिथूनच घरी फोन लावला. "बाबा, निघालं! सरांच्या अंदाजाच्या दुप्पट!"

त्यांना शिकवणारे साईनाथ सर मात्र म्हणाले, "चिमूटभर जाळून बघा. लिग्निन जळून जाईल. जे उरेल ते लिग्निन नाही."

भट्टीतून बशी बाहेर आली, ती पांढऱ्या राखेने माखलेली. भाताच्या पेंढ्यात वाळूच्या जातीची सिलिका असते. सोड्यात तीही विरघळते आणि आम्ल पडताच लिग्निनबरोबर खाली बसते.

नम्रता स्टुलावर मटकन बसली. प्रदर्शन तोंडावर आले होते.

"प्रिया, पोस्टरवर पहिल्या पुडीचाच आकडा टाकूया का गं?"

प्रिया बशी धुता धुता थांबली. "टाक. पण तुझे बाबा बघायला येणार ना? त्यांना काय दाखवशील?"

नम्रता उठली, माझ्या तळाचे पाणी पाहिले आणि नव्याने पेंढा भरला. सरांनी सुचवल्याप्रमाणे या वेळी तिने आधी थोडेच आम्ल टाकले. पाणी गढूळ झाले आणि सिलिका खाली बसली. ती गाळून टाकल्यावरच उरलेले आम्ल घातले. पूड आली, पण निम्मी वाटीही भरेना. जाळली, तर बशीत राखेची जेमतेम रेघ उरली. मुंबईला पाठवलेल्या पुडीचा, पदार्थ ओळखणाऱ्या इन्फ्रारेड तपासणीचा आलेख आला, तेव्हा सर त्यातल्या एकेका शिखरावर बोट ठेवत म्हणाले, "हे बघ, हे तुझं लिग्निन."

प्रदर्शनात बक्षीस दुसऱ्याच कुणाला मिळाले. नंतर नामा प्रयोगशाळेत आले. नम्रताने पुडीची बाटली त्यांच्या हातात दिली.

"एवढंच? फोनवर तर लई म्हनली हुतीस."

"त्यात राख होती, बाबा. आधी मला कळलंच नाही."

नामांनी बाटली उजेडाला धरली, हळूच हलवून पाहिली.

"मंग अजून पेंढा लागंल तुला. उद्या आनतो."

मित्रांनो, मला तापवण्याआधी तळाशी पाणी आहे ना, एवढे नक्की बघत जा. कोरडा तापलो तर माझी कॉइल जळते, आणि मला अजून पुष्कळ पेंढा शिजवायचा आहे.