सदतिसावी सही

फोल्कमार हार्म्सने हिशोब तीनदा करून पाहिला होता. ऐंशी हजार युरो येणार. कर कापून पंचेचाळीसच्या आसपास हातात उरणार. बँकेतली शिल्लक त्यात मिळवली, गाडी विकली आणि सुट्टीत फक्त तंबू घेऊन डेन्मार्कला गेलं, तर एकोणसाठाव्या वर्षापासून त्रेसष्टाव्यापर्यंतची चार वर्षं निभत होती. पुढे पेन्शन होतंच. पण खरा फायदा आकड्यांत नव्हता. खरा फायदा असा, की सोमवारी सकाळी आठ वाजता कंपनीच्या प्रमुख ब्रिंकामाबाईंच्या उघड्या दारासमोरून जाताना "मोइन, हेर हार्म्स, तक्ते झाले का?" हे पुन्हा ऐकावं लागणार नव्हतं. बंदरातला गाळ मोजणाऱ्या त्या कंपनीत बावीस वर्षं तो हे ऐकत आला होता. राजीनामा लिहून तयार होता. वर तारीख तेवढी घालायची होती.

हे पैसे येणार होते 'टीडे'चे. भरती-ओहोटीचं गणित करणारा हा प्रोग्राम फोल्कमारने अठरा वर्षांपूर्वी सुरू केला आणि जगासाठी उघडा ठेवला. कुणीही फुकट वापरा, हवा तसा बदला. अट एकच: बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर तुमचे बदलही असेच उघडे करून द्यायचे. रॉटरडॅमच्या एका कंपनीला तो आपल्या जहाजी यंत्रांत बसवायचा होता, पण स्वतःचं काही उघडं करायचं नव्हतं. त्यासाठी तिला वेगळा, बंद परवाना हवा होता आणि ऐंशी हजार त्याचेच.

अडचण एवढीच, की टीडे एकट्या फोल्कमारने लिहिलेला नव्हता. आणखी छत्तीस जणांचा हात त्यात लागला होता, आणि ज्याने ओळ लिहिली त्याचा त्या ओळीवर हक्क. तेव्हा फोल्कमारने एक करारपत्र तयार केलं आणि छत्तीस जणांना पाठवलं. सहीच्या बदल्यात प्रत्येकाला अर्धा किलो ब्रेमेनची कॉफी. ऐंशी हजारांचा आकडा पत्रात नव्हता; तो विषय कुणी काढला नाही, मग त्यानेही काढला नाही.

पस्तीस सह्या आल्या. ट्रोम्सोच्या एका गृहस्थाने सहीआधी लेखी कबुली मागितली, की ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा किती सोडावी यावरून २०११ साली झालेल्या भांडणात चूक फोल्कमारची होती. फोल्कमारने दोन दिवस काढले आणि मग कबुली लिहून दिली. सगळ्या सह्यांत त्याला महाग पडली ती हीच.

राहिला छत्तिसावा. कप्तान आयलर्ट ओंकेन, नॉर्डनच्या पलीकडे समुद्राच्या बांधाला लागून राहणारा, बेटांवर जाणारी बोट चाळीस वर्षं चालवलेला माणूस. त्याच्या ओळी अवघ्या चौदा. पण दोन दिवस पूर्वेचा वारा वाहिला की उथळ पाणी किती उतरतं, हे त्या चौदा ओळींत होतं. त्या काढून टाकल्या, तर रॉटरडॅमच्या यंत्राने पहिल्याच आठवड्यात एखादी बोट चिखलात बसवली असती. फोल्कमारने त्या स्वतः नव्याने लिहून पाहिल्या. लिहून झाल्यावर ताडून बघितलं, तर चौदाच्या चौदा ओंकेनच्याच निघाल्या.

चार पत्रांना उत्तर आलं नाही, म्हणून एका शनिवारी तो गाडीत बसला.

"बस," ओंकेन म्हणाला. "एवढी पत्रं लिहून हात दुखला असेल."

"उत्तर एकाचंही नाही, कप्तान." जुन्या पत्रांतून दोघे एकमेकांना अरे-तुरे करत होते, पण समोर ती पांढरी दाढी बघून फोल्कमार आपोआप पुढे म्हणाला, "तुम्हाला काही अडचण आहे का?"

"उत्तर दिलं की खाली सही करावी लागते. ते टाळत होतो."

कपात खडीसाखरेचा खडा पडला, त्यावर गरम चहा पडला, खडा तडकला. ओंकेनने कडेकडेने साय सोडली. पहिला कप संपेपर्यंत कुणी कामाचं बोललं नाही. दुसरा ओतता ओतता ओंकेनने टेबलाखालून कागदांचा गठ्ठा काढला. टीडेची बदलांची नोंद: कुणी, कुठली ओळ, कुठल्या दिवशी, किती वाजता. दोनशे बारा पानं, समासात पेन्सिलीच्या खुणा.

"हे तुम्ही छापून घेतलंत?"

"दुसऱ्याने ठेवलेल्या नोंदवहीखाली सही करायची, तर आधी ती वाचायची. बोटीवरची सवय. तुझ्या करारातलं सातवं कलम वाच बघू."

फोल्कमारने वाचलं. "'मी जाहीर करतो, की माझं लेखन माझ्या मोकळ्या वेळातलं असून माझ्या मालकाचा त्यावर हक्क नाही.'"

"झकास कलम आहे. वकिलाने घातलं?"

"मी घातलं," फोल्कमार म्हणाला. आवाजात जरा अभिमान होता. पगाराच्या वेळेत, नोकरीच्या कामासाठी लिहिलेला प्रोग्राम मालकाच्या हक्कात जातो, हा कायदा निम्म्या लोकांना ठाऊक नसतो. त्याला होता.

"माझ्या चौदा ओळी रविवारच्या. दुपारी तीन वीस. निवृत्तीला पाच महिने झालेले, बायको बहिणीकडे. आता तुझं बघू." ओंकेनने चष्मा लावला. "मंगळवार, दहा चाळीस. बुधवार, नऊ पंधरा. गुरुवार, अकरा. शुक्रवारी जेवणानंतर काही नाही. शनिवार-रविवार कोरे. अठरा वर्षं असंच. तुझा मोकळा वेळ कुठला रे?"

फोल्कमारचा कप तोंडापाशीच थांबला. पस्तीस जणांकडून त्याने सातव्या कलमाखाली सही करून घेतली होती. त्याला स्वतःला ती करावी लागली नव्हती, कारण तो देणारा नव्हता, घेणारा होता.

"ते काही ऑफिसचं काम नव्हतं," तो म्हणाला.

"तुमच्या ऑफिसात टीडे वापरतात?"

"रोज. भरती-ओहोटीचे सगळे तक्ते त्यावरच निघतात."

ओंकेनने त्याला तिसरा कप ओतला.

"रॉटरडॅमच्या वकिलांनी ही नोंद वाचलेली नसणार," फोल्कमार म्हणाला.

"नसेल. पण 'सगळे हक्क माझे' असं त्यांना तूच लिहून देणार. आणि नोंद तर गावभर झाली आहे. शेकडो लोकांच्या यंत्रांवर तिच्या प्रती आहेत. वेळा तरी किती अचूक. घड्याळ दोन मिनिटं पुढे होतं म्हणून तू माझा पहिला बदल परत पाठवला होतास, आठवतं?"

आठवत होतं. तो नियमही त्यानेच केला होता.

"म्हणजे तुम्ही सही करणार नाही."

"का नाही? माझं सगळं साफ आहे." ओंकेनने पेन उघडलं, सावकाश, वळणदार सही केली, तारीख घातली, मिनिटांसकट वेळही लिहिली. मग चमचा कपात उभा ठेवला; तिकडे याचा अर्थ, आता पुरे. चहा संपला.

सोमवारी आठ वाजता फोल्कमार ब्रिंकामाबाईंच्या दारासमोरून पुढे न जाता आत गेला. वीस मिनिटं तो बोलला. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"रोज दहा ते अकरा तुमच्या खोलीतून टाइप करण्याचा आवाज यायचा," शेवटी त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, या माणसावर आपण कामाचा किती बोजा टाकतो. त्यापायी दोनदा पगार वाढवला तुमचा."

"हो," फोल्कमार म्हणाला.

"म्हणजे माझी सही हवी."

"कंपनीची. किती हिस्सा घ्यायचा, ते तुम्ही ठरवा."

"हिस्सा नको. सगळे पैसे तुम्ही घ्या, हेर हार्म्स."

फोल्कमारला हायसं वाटलं. ते साधारण दोन सेकंद टिकलं.

"एवढे पैसे मिळाले की तुम्ही जाणार, हे मला समजतं. मग तक्ते कोण करणार? या इमारतीत ते दुसऱ्या कुणाला येत नाहीत, आणि तुम्ही कुणाला शिकवले नाहीत. कंपनी हक्क सोडते. तुम्ही त्रेसष्टपर्यंत राहा आणि दोघांना तयार करा. आणि टीडे यापुढे घरी."

"चार वर्षं, फ्राऊ ब्रिंकामा?"

"पैसे कुठे पळून जात नाहीत. बँकेत ठेवा."

तो दारापाशी उभा राहिला. मनातल्या मनात बेरीज-वजाबाकी केली आणि ती तीनदा करायची गरज पडली नाही. नाही म्हटलं, तर चार वर्षं इथेच, तीही ऐंशी हजारांविना. त्याने मान हलवली आणि कागद पुढे केला. सदतिसावी सही अर्ध्या मिनिटात झाली.

तर शेवटी कुणाच्या खिशातून काय गेलं, ते असं. रॉटरडॅमवाल्यांचे ऐंशी हजार, आणि त्यातला आपला वाटा कर खात्याने कुणाची सही न मागता उचलला. ओंकेनची तीन कप चहाची पत्ती आणि दोनशे बारा पानांची शाई. बदल्यात त्याला अर्धा किलो कॉफी पोचली, जी तो पीत नाही. बाकी पस्तीस जणांनी आपापले हक्क दिले, आणि किती किमतीला दिले हे त्यांना अजून माहीत नाही. ब्रिंकामाबाईंच्या दोन पगारवाढी, त्या तर केव्हाच देऊन झालेल्या. आणि फोल्कमारची चार वर्षं, सकाळी आठ ते साडेचार. वर अठरा किलो कॉफी, टपालखर्च, नॉर्डनला जाण्यायेण्याचं पेट्रोल, आणि टीडेला रोज संध्याकाळी लागणारी वीज, जी आता त्याच्या स्वतःच्या मीटरवर पडते.